कापसाच्या घरातली मांजरं

रेवती आणि अनीश,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकाच वेळी ओरडून सांगितलंत की घरी मांजर आणलं आहे, म्हातारं आहे, एका कानाला चीर आहे, आणि बाहेर गुडघाभर बर्फ आहे. मग रेवतीने विचारलं, "आजी, तुमच्याकडे पण मांजरं होती ना? थंडीत तुम्ही त्यांचं काय करायचात?" मी म्हटलं, सवडीने लिहून कळवते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. ते चांगलंच होईल असं डॉक्टर म्हणतात, पण या वयात दुसऱ्याच्या भरवशावर कामं मागे टाकू नयेत, म्हणून आजच बसले आहे.

आधी तुमच्या कामाचं सांगते. मांजराची निजायची जागा जमिनीपासून उचललेली असावी, कारण थंडी खालून चढते. खोक्याचं तोंड लहान ठेवा आणि भिंतीकडे करा. आत कापूस किंवा जाड गादी घालू नका, ती ओल धरते; कोरडं गवत किंवा लोकरीचा जुना तुकडा घाला आणि वरचेवर बदला. थंडीत मांजराला नेहमीपेक्षा जास्त खायला लागतं. नुसत्या दुधावर ठेवू नका, पोट बिघडतं. पाणी गार नको. भिजून आलं तर आधी कोरडं पुसा, मग उबेला बसवा. ओल्या अंगाने शेक दिलेला बरा नव्हे. म्हातारं मांजर उठायला वेळ लावत असेल तर त्याचे सांधे धरले आहेत असं समजा, आणि त्याला उंच उडी मारावी लागेल अशी जागा देऊ नका. तुमच्याकडे मांजरं उबेसाठी मोटारीच्या इंजिनाशी जाऊन बसतात म्हणे. बाबांना सांगा, गाडी सुरू करण्याआधी वर दोन थापा मारायच्या.

हे सगळं मला अक्काने शिकवलं. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळं गाव नाना म्हणे, आम्हीही नानाच म्हणत असू. अक्काचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसत होती, आणि नवरा गेला तेव्हाही जवळजवळ परकरातच होती. ती भावाकडे परत आली ती कायमची. आमचं गाव अमळनेरपासून बैलगाडीच्या वाटेवर, बोरी नदीच्या काठी. मी पुढे धुळ्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत गेले, कॉलेजात गेले, पण ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे तेव्हा मी घरीच होते आणि अक्काच्या मागे मागे फिरत होते. आमच्या घरात अहिराणी बोलत. तुम्हाला कळेल इतपतच ती इथे ठेवते.

कापसाच्या घराचा हिवाळा कसा असतो ते तुम्हाला माहीत असणं शक्य नाही. दिवाळी झाली की गाठोड्यागाठोड्यांनी कापूस घरात येऊ लागे, आणि मार्गशीर्षापर्यंत मधली मोठी खोली तुळयांपर्यंत भरून जाई. आम्ही मुलं तुळईवरून त्या ढिगात उड्या मारत असू. त्याला एक कोरडा, किंचित तेलकट वास असे, सरकीचा. त्या खोलीत दिवा न्यायचा नाही, विडी ओढणाऱ्याने उंबऱ्याच्या आतच यायचं नाही. एवढंच नव्हे, कापूस घरात आहे तोवर चूल सुद्धा मागच्या पडवीत हलवत. आई कुडकुडत तिथे भाकरी थापी. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, निखाऱ्यावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत. त्या भरताचा धूर आणि दुरून येणारा अमळनेरच्या जिनाचा भोंगा, या दोन गोष्टी म्हणजे माझ्यासाठी थंडी. सरकी वेगळी करण्याचा तो कारखाना, त्याला आम्ही जिन म्हणत असू. वारा तिकडचा असला की भोंगा स्पष्ट ऐकू येई, आणि नाना मान वर करून ऐकत.

या घरांचा आणखी एक नियम होता आणि तो मांजरांसाठी होता. थंडीत मांजर चुलीत जाऊन राखेत निजतं. केसांत एखादी ठिणगी घेऊन उठतं, आणि मऊ जागा शोधत कापसावर जाऊन बसतं. कापूस भडकत नाही, आत आत धुमसत राहतो, आणि कळतं तेव्हा घर गेलेलं असतं. ही गोष्ट प्रत्येक घरात सांगत. शेजारच्या गावातलं एक घर असंच गेलं, असं सांगत. कुणी पाहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. पण नियम पक्का होता: कापूस घरात आला की मांजरं घराबाहेर, आणि चुलीजवळ तर मुळीच नाही. म्हणजे वर्षातले जे महिने मांजराला घराची गरज, नेमके त्याच महिन्यांत आमच्याकडे त्याला दार बंद.

अक्का हा नियम मोडत नसे. ती त्याच्या बाहेर राहून मांजरं जगवत असे, आणि त्यात तिचा सगळा हिवाळा जाई. घरात तिच्या मालकीचं काही नव्हतं. ताट आईचं, पेटी नानांची, अंथरूण कुणीही उचलून पाहुण्याला द्यावं. मांजरं तेवढी तिची, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. एक भुरी नावाची राखी रंगाची मांजरी, फार जुनी, आणि जाड्या नावाचा बोका. गोठ्याच्या कोपऱ्यात विटांवर तिने कोंबड्यांचं डालगं आडवं बांधलं होतं, तोंड भिंतीकडे, आत बाजरीचं वाळलेलं सरमाड. नदीची वाळू तव्यावर तापवून ती जुन्या धोतराच्या पिशवीत भरी, मनगटाला लावून पाही, आणि मग सरमाडाखाली सरकवी. सकाळी विहिरीचं ताजं पाणी ओढलं की त्यातून वाफ निघते. ते मांजरांना आधी, मग आमच्या तोंडं धुण्याला. भाकरीचा चुरा, कोमट दूध, त्यात तुपाचा थेंब. फुटलेल्या पंजांना तिळाचं तेल. ऊन वर आलं की भुरीला उचलून धाब्यावर नेई. आमच्याकडे घरांची छतं मातीची, सपाट; त्याला धाबं म्हणतात. तिथे ती मांजरीच्या शेजारी बसून सरकीतली किडकी वेचत असे.

नाना चेष्टा करत. "अक्का, आते तुझ्या भुरीले बंडी शिव."

"शिवली व्हती," अक्का म्हणे. "आंगवर ठेवत नही. तुझ्यासारखीच शे, लहानपणी तू बी फेकी देत होतास."

नाना हसत. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल म्हणून सांगते.

त्या वर्षी भुरी म्हातारपणी व्याली, आणि तीही मार्गशीर्षात. थंडीतली पिल्लं जगत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "जाऊ द्या अक्का, जीव लावू नका." अक्काने ऐकलं नाही. थंडीही साधी नव्हती. पहाटे हरभऱ्यावर पांढरा थर दिसे आणि दुपारपर्यंत झाडं उकडल्यासारखी काळी पडत. जळगावकडे केळीच्या बागा झोपल्या असं येणारे-जाणारे सांगत. अक्का दिवसभर वाळू तापवी, पिशवी बदली, पिल्लांच्या चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवी. तिचे हात भाजून आणि गारठून, दोन्हींनी, सालपटले होते.

त्याच सुमारास नानांच्या गाड्या जिनाला निघायच्या होत्या. गाड्या भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ढिगावर कडुनिंबाच्या डहाळीने पाणी शिंपडत. आमच्या घरात त्याला 'दव देणं' म्हणत. त्याने वजन भरे. गावात सगळेच देत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दव दिलेला कापूस दुसऱ्या सकाळी गाडीत, दुपारी जिनात, तिथल्या ढिगात कुणाचा कुठला ते राहत नसे. त्या संध्याकाळीही नानांनी दव दिलं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला नाही. अमळनेरहून परतलेल्या गाडीवानाने सांगितलं की जिनाचं काही मोडलं आहे, मुंबईहून यायचं आहे, तोवर फाटक बंद. नानांनी कापसावर गोणपाटं टाकली, वर ताडपत्री दाबून घातली, आणि खोलीचं दार लावून घेतलं. थंडी आणि धुकं आत जाऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या एका सकाळी डालग्यात एक पिल्लू ताठ झालेलं मिळालं. उरलेली दोन तोंड उघडून श्वास घेत होती, आवाज नव्हता.  अक्काने पदरात दोन्ही पिल्लं घेतली, भुरीला काखेत मारलं आणि पडवीत चुलीपाशी नेलं. आईने भाकरी परतता परतता वर पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे वळली. थोड्या वेळाने एका पिल्लाने पाय हलवला. अक्का माझ्याकडे बघून हसली. तिचे दात मला त्या दिवशी दिसले, एरवी ती ओठ मिटून हसे.

दोन-तीन दिवस ती तिथेच राहिली. भुरी राखेच्या कडेला बसे आणि अक्का दिवसातून कितीदा तरी तिच्या अंगावरून हात फिरवून ठिणगी नाही ना ते पाही. पण मांजर ते मांजर. आईने गुळाची ढेप काढायला मधल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा भुरी आत शिरली, आणि आई ओरडेपर्यंत ताडपत्रीच्या कडेतून सरकून कापसात जाऊन बसली. तिला ऊब लागली असणार. कुठून ऊब लागली, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीतून वास आला. आंबूस, आणि त्याच्या मागे करपल्यासारखा. नानांनी ताडपत्री फेकली, कोपरापर्यंत हात ढिगात घातला आणि झटकन मागे घेतला. "बठ्ठा भायेर काढा!" ते ओरडले. आळीतली माणसं धावली. कवळ्या भरभरून कापूस अंगणात काढला, बादल्या ओळीने ठेवल्या. आतला कापूस पिवळट, वाफाळता निघाला. काळा मात्र कुठेच नाही, जाळ नाही, ठिणगी नाही. लोक म्हणाले, दबून विझली. लोक म्हणाले, नशीब थोर. एक म्हातारे अक्काकडे बघून म्हणाले, "मांजरीले चुलीत बसाडं, आते घर बी तिले देई टाका." दोघे-तिघे हसले.

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, लहान पोरं निजतात या घरात."

अक्का म्हणाली, "व्हय. मीच आणलं तिले चुलीपाशी."

आई मधे पडली. म्हणाली, गोठ्यात बांधून ठेवू. पण गोठ्यात कडबा होता, आणि त्या क्षणी कुणालाच काही पेटण्यासारखं मांजराजवळ नको होतं. मांजर मारायचं नसतं. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. म्हणून आमच्याकडे ते पोत्यात घालून नदीपलीकडे सोडत. पोतं गरगर फिरवत, म्हणजे त्याला परतीची दिशा कळू नये. भुरी दुसऱ्या कुणाच्या हाती लागेना. तेव्हा अक्काच बसली, तिला नेहमीच्या आवाजात बोलावलं, आणि ती आली. अक्काने तिला पोत्यात घातलं, मग पिल्लं, आणि गोठ्याच्या डालग्यातलं सरमाडही. जाड्या पळून गेला होता, तो त्या वर्षी परत आला नाही. पोतं घेऊन आमचा सालदार सुकदेव निघाला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राहिलेला गडी.

अक्का त्याच्या मागे दारापर्यंत गेली. "सुकदेव, फिरवू नको रे तिले. पोत्यात लहान पिल्लं शेत. आणि वारा नही अशा जागी सोड."

"अक्का," सुकदेव म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, "नदीपल्याड वारा नही अशी जागा कोठे शे?"

कापूस दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी पुन्हा खोलीत रचला. वरचा वाळला होता. खालचा किती वाळला हे कुणी पाहिलं नाही, कारण दुखणं कळलं होतं आणि गेलं होतं. पुन्हा गोणपाटं, पुन्हा ताडपत्री. अक्का रोजची कामं करत होती. चुलीपाशी वाळू तापवायची नव्हती, तर सकाळी तिला काय करावं ते सुचत नसे. विहिरीवर रिकामी कळशी घेऊन उभी राही.

मग एका दुपारी ती खोलीत काहीतरी घ्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले. ती ढिगापाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा हात खांद्यापर्यंत कापसात होता. तोंडावर काहीच नव्हतं. "नानाले बलाव," ती म्हणाली.

नाना आले. पाठोपाठ आई आली.

"हात घाल," अक्का म्हणाली.

नानांनी घातला. बाहेर काढला तेव्हा तो ओलसर होता आणि त्यातून वाफ येत होती. खोलीत तोच आंबूस वास होता.

"आते आठे कोणतं मांजर शे, नाना?"

 नानांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या कडुनिंबाच्या वाळलेल्या डहाळीकडे. दव दिलेला कापूस घरात कधी राहिलाच नव्हता, त्यामुळे तो असा तापतो हे त्यांना माहीत नव्हतं. अक्कालाही नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. पुढे कॉलेजात विज्ञानाच्या पुस्तकात ओल्या गवताची गंजी आतून आपोआप तापते, पेटतेसुद्धा, याबद्दल अर्धं पान वाचलं तेव्हा मी ते पुस्तक मिटून ठेवलं.

अक्का उठली, दुधाचा वाडगा घेतला आणि नदीकडे निघाली. मी तिच्यामागे गेले. बोरीत पाणी थोडं होतं, पण पाय कापावेत तसं गार. पलीकडे मोकळी रेती, काटेरी झुडपं, आणि वारा. अक्का हाक मारत फिरली. भुरी सापडली नाही. एका बोराच्या झुडपाखाली सरमाडाचा पुंजका होता आणि त्यात दोन्ही पिल्लं, एकमेकांत डोकं खुपसलेली. अक्काने त्यांना हात लावला आणि लगेच काढून घेतला. वाडगा तिथेच ठेवला. परत येताना ती म्हणाली, "दूध आते गार झालं असेल." एवढंच.

ती त्यानंतर रोज पलीकडे जाई. गावात म्हणू लागले, "अक्का मांजरीना मांगे येडी व्हयनी." मुलं तिच्यामागून म्याव करत. नानांनी एका मुलाच्या थोबाडीत मारली. पण मुलाचा बाप भांडायला आला तेव्हा त्याला काय सांगायचं ते नानांना सुचलं नाही. डहाळी त्यांनी त्याच दिवशी चुलीत घातली होती. आमच्या घरात पुन्हा कधी दव दिलं गेलं नाही. का, हे गावाला त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि अक्काची चूक नव्हती हेही नाही.

होळीच्या आसपास, कापूस गेल्यावर, ते जामनेरच्या बाजाराहून टोपलीत एक पिल्लू घेऊन आले. राखी रंगाचंच शोधलं होतं. अक्कापुढे टोपली ठेवून उभे राहिले, टोपी हातात घेऊन, परक्यासारखे. अक्काने पिल्लाला दूध दिलं, कान पाहिले, पोट चाचपलं. मग टोपली उचलून शेजारच्या घरी देऊन आली.

"कापूसनं घर शे हाई," ती नानांना म्हणाली. "मांजर नको."

त्यापुढे ती कुणावर रागावली नाही आणि कुठल्याच गोष्टीने तिला बरंही वाटलं नाही. हिवाळ्यात ती चुलीपाशी बसेना. आईने शेगडी दिली तर ती मुलांच्या खोलीत नेऊन ठेवी. मी धुळ्याला गेल्यावर सुट्टीत येई तेव्हा तिचे हात हातात घेई. ते नेहमी गार असत. तिला छातीचा त्रास सुरू झाला. शेवटच्या हिवाळ्यात नाना स्वतः शेगडी फुलवून तिच्या दाराशी आणत आणि म्हणत, "अक्का, थोडा शेक घे."

"माले थंडी वाजत नही," ती म्हणे. नाना निखारे विझेपर्यंत तिथेच बसत. पौषात ती गेली. तिच्या अंथरुणाची गोधडी इतकी पातळ होती की आईने ती उन्हाला धरली तेव्हा पलीकडचं अंगण दिसलं. त्याच घरात, त्याच आठवड्यात, मधली खोली कापसाने तुळयांपर्यंत भरलेली होती.

पुढे नाना गेले, आई गेली. घर विकलं, नव्या मालकाने पाडून सिमेंटचं बांधलं. अक्काचा फोटो कधी काढला गेला नाही. तिचं खरं नाव यमुना होतं. हे जाणणारी आता मी एकटी उरले आहे.